बर्फा, तू कापडातूनच बरा

पलसाणा, जि. सुरत
वैशाख

श्री. बर्फ यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

रीतीचा नमस्कार पोचवला, आता पुढचे अरे-तुरेतच लिहिते. ताप चढला की कपाळावर, पाय मुरगळला की घोट्यावर, पोर पडले की त्याच्या टेंगळावर ज्याला लहानपणापासून धरत आले, त्याला अहो-जाहो करणे माझ्याने व्हायचे नाही.

इकडचे वर्तमान ठीक. चलथाणच्या साखर कारखान्याचा हंगाम आटोपला, ऊसतोडीला आलेली कुटुंबे बाडबिस्तरा बांधून गावाकडे गेली. हायवेवर साड्यांच्या गठड्यांचे टेम्पो मात्र बारमाही. कडोदऱ्यापासून पलसाण्यापर्यंत डाइंग-प्रिंटिंगच्या मिला रात्रंदिवस चालू असतात, आणि आत कापड सुकवणाऱ्या तापलेल्या स्टेंटरपाशी पाळी काढून माणूस बाहेर आला की त्याला वैशाखातले ऊनसुद्धा सुसह्य वाटते. धुळे, नंदुरबार, जळगावाकडची आमची माणसे आधी उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोलीत राहिली, मग कामामागे सरकत इथवर आली. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, मिलमध्ये हिंदी. बायका घरी बसून साड्यांना खडे-टिकल्या चिकटवतात, लेस लावतात. दिवसदिवस मांडी घालून बसले की कंबर जड होणारच. त्यात लग्नसराई आली. आणि या लग्नसराईत तुझ्याविषयी जे पाहिले, त्यामुळे हे पत्र लिहायला घेतले.

लोक तुला पोटाला बांधून बसायला लागले आहेत. मोबाइलवर कुणीतरी दाखवते: चरबी गोठवा, गोठली की मरते, मेली की निघून जाते. त्यासाठी खिसे असलेले पट्टे मिळतात, आत जेलची पाकिटे घालायची, फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवायची आणि सकाळी कंबरेला करकचून आवळायची. ज्यांना पट्टा परवडत नाही त्या प्लास्टिकच्या पिशवीत तुझे खडे भरतात आणि वरून ओढणी बांधतात. भाच्याच्या लग्नात साडी नीट बसावी, एवढीच बिचारीची इच्छा असते.

आमच्या शेजारच्या मुलीने हेच केले. पट्टा बांधून ती मोबाइल बघत पडली, आणि सोडला तेव्हा पोटावर पाकिटाच्या मापाचा चौकोन उठला होता. कडा लालसर, मधला भाग पांढुरका, मेणचट, बोटाने दाबला तर कडक. मी चिमटा काढला. तिला कळलाच नाही. ती उलट खूश होती, कारण कडक लागतेय म्हणजे चरबी गोठली, असे तिला वाटले. संध्याकाळपर्यंत तो चौकोन जांभळट झाला, दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचे फोड. डॉक्टरांनी पाहिले आणि भाजलेल्या माणसाला जशी मलमपट्टी करतात तशी केली. ती मला म्हणाली, "काकू, दुखलं असतं तर काढलाच असता ना हो."

बर्फा, तुझ्यावर माझा राग आहे तो इथे. विस्तव माणसाला सावध करतो, बोट लागले की हात आपोआप मागे येतो. तू तसा नाहीस. तू आधी गार लागतोस, मग जळजळतोस, मग ठणकतोस, आणि मग अगदी गप्प होतोस. खरी इजा सुरू होते ती नेमकी या गप्प बसण्याच्या वेळी. ज्या नसांनी ओरडायचे त्यांनाच तू आधी बधिर करतोस. बधिरपणा आला की लोकांना वाटते शरीराला सवय झाली. तसे नसते. रक्त त्या भागातून मागे हटलेले असते आणि कातडी एकटी पडलेली असते.

एवढे बोलले म्हणून तुझे उपकार विसरले असे समजू नकोस. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आइस्क्रीमचा पॉट निघायचा. गोणपाटात गुंडाळलेली तुझी लादी यायची, तिचा भुसा धुवायचा, वरवंट्याने फोडायची आणि पॉटच्या भोवती खड्यांबरोबर खडे मीठ पेरायचे. आम्ही पोरे पाळीपाळीने दांडा फिरवायचो. मीठ कशाला, असे विचारले की आजी म्हणायची, त्याने बर्फाला जोर येतो. बरोबरच होते तिचे. नुसता वितळता बर्फ शून्य अंशावर असतो, मिठाने तो उणे अठरा-वीसपर्यंत उतरतो, म्हणून दूध थिजते. म्हणूनच आम्हाला त्या खाऱ्या पाण्यात हात घालायची बंदी होती. हेच मीठ घालून काहीजण आता तुला पोटावर ठेवायला सांगतात. जी गोष्ट आजी बोटालाही लागू द्यायची नाही, ती लेकीसुना बेंबीवर बांधतात.

आणखी एक उपकार सांगते, तो मोठा आहे. लसीकरणाच्या ममता दिवशी आमच्याकडे अंगणवाडीत नर्सबेन लशींचा डबा घेऊन येते. डब्यात चार बाजूंना तुझी पाकिटे, मध्ये लशी. ती पाकिटे फ्रीझरमधून काढली की लगेच डब्यात जात नाहीत. आधी ती टेबलावर ओळीने मांडून ठेवतात. वरचा पांढरा थर जाऊन घाम सुटतो. मग नर्सबेन एक पाकीट उचलते, कानाशी नेते आणि हलवते. आत पाणी खुळखुळले तरच ते डब्यात. कारण धनुर्वाताची, काविळीची, पेंटाव्हॅलंटची लस गोठली की वाया जाते, तिला दोन ते आठ अंशांतच राहावे लागते. मी हे पुष्कळदा पाहिले आहे आणि दर वेळी मला त्या बाईचा आदर वाटला आहे. काचेच्या एवढ्याशा बाटलीला तुझा थेट स्पर्श लागू नये म्हणून सरकारी माणसे इतकी जपतात. आणि घरात मुलगी फ्रीझरचे दार उघडते, उणे अठराचे पाकीट काढते आणि तसेच्या तसे अंगाला लावते. कान लावून ऐकणारे तिथे कुणी नसते.

आता तू म्हणशील, चरबी गोठवण्याचा हा उद्योग मी शोधला का? नाही, तो शोधला बोस्टनच्या डॉक्टरांनी. गंमत अशी की बोस्टनशी तुझे-आमचे नाते जुने आहे. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने १८३३ साली तिथल्या तळ्यांतून तुला कापले, भुशात गुंडाळले आणि जहाजात घालून कलकत्त्याला धाडले. पुढे मुंबई-मद्रासलाही तुझी कोठारे झाली. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसह पाहुण्यांनाही पडसे झाले, अशी मुंबईची जुनी आठवण सांगतात. तेव्हा लोक तुला बिचकत होते. थोडेसे बिचकणे चांगलेच होते, असे मला आज वाटते.

तर त्याच बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी एक जुनी नोंद मनावर घेतली. १९७० साली एपस्टाइन आणि ओरेन या डॉक्टरांनी लिहून ठेवले होते की बर्फाची कांडी चोखणाऱ्या तान्ह्या बाळाचा गाल आतून सुजून कडक होतो, कारण गालातली चरबी गारव्याने दुखावते. वरची कातडी तेवढ्याने बिघडत नाही. असे का, ते आपल्या स्वयंपाकघरात कळते. हिवाळ्यात तुपाचा डबा थिजून घट्ट होतो, पण शेजारच्या हंड्यातले पाणी वाहतेच असते. चरबीच्या पेशी तुपाच्या जातीच्या, कातडी पाण्याच्या. मग चरबी थिजेल पण कातडी गोठणार नाही असा नेमका गारवा देता येईल का, हे त्यांनी आधी डुकरांवर पाहिले आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केले. २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कमरेच्या बाजूंसाठी असा गारवा देणाऱ्या यंत्राला मान्यता दिली. क्रायोलिपोलिसिस म्हणतात या उपचाराला.

पण ते यंत्र काय करते ते पट्टा विकणारा सांगत नाही. यंत्र पोटाची वळी हवेने ओढून दोन थंड पाट्यांमध्ये धरते. ओढल्यामुळे तिथले रक्त कमी होते, नाहीतर आपले गरम रक्त गारव्याला आत शिरूच देत नाही. कातडी आणि पाट्या यांच्यात जेलची ओली गादी असते, ती कातडीला वाचवते. गारवा उणे अकराच्या आसपास नेतात, आणि कातडीचे तापमान क्षणोक्षणी मोजत राहतात. जरा खाली गेले की यंत्र थांबते. पाऊण-एक तास हे चालते. त्यानंतर दुखावलेल्या पेशी हळूहळू मरतात आणि शरीर त्यांना दोन-तीन महिन्यांत आवरून नेते. एवढा सगळा खटाटोप करून त्या एका जागेचा थर साधारण वीस-पंचवीस टक्क्यांनी पातळ होतो. वजनकाट्यावर काहीच दिसत नाही. पंधरा दिवसांवर आलेल्या लग्नाला तर याचा काडीचा उपयोग नाही.

फ्रीझरमधल्या पाकिटाला यातले काहीच जमत नाही. निघते तेव्हा ते उणे अठरावर असते, म्हणजे कातडीला फार जास्त. अर्ध्या तासात पोटाच्या उबेने ते मऊ पडते, म्हणजे चरबीला फार कमी. कातडी पोळते आणि चरबी जागची हलत नाही. घरात हे करून बघणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे, पण माझे कोण ऐकते, म्हणून तुझ्या नावाने लिहिते.

बरे, यंत्रानेही सगळ्यांचे भले झाले असे नाही. लिंडा इव्हँजेलिस्टा ही कॅनडाची नामांकित मॉडेल. तिने २०२१ च्या सप्टेंबरात जाहीर केले की या उपचारानंतर चरबी कमी व्हायच्या ऐवजी त्या त्या जागी वाढून घट्ट झाली, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि ती वर्षानुवर्षे लोकांसमोर येऊ शकली नाही. तिने यंत्राच्या कंपनीवर दावा लावला, तो २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. गारव्याने चरबी उलटी वाढण्याचा हा प्रकार डॉक्टरांनी २०१४ मध्ये पहिल्यांदा नोंदवला. तो क्वचित होतो, पण झाला की आपोआप जात नाही, शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. तिच्याजवळ डॉक्टर, वकील, पैसा सगळे होते. आमच्या शेजारच्या मुलीजवळ एक मलमाची ट्यूब आहे आणि आईची बोलणी आहेत.

शिवाय आमच्या बायकांच्या पोटांचे वेगळेच असते, ते त्या व्हिडिओतल्या बाईला काय माहीत? कितीजणींचे सिझेरियन झालेले. त्या टाक्याच्या आसपास आधीच संवेदना कमी असते, तिथे तू चावलास तरी कळत नाही. काहींचा फुगवटा चरबीचा नसतोच, बाळंतपणाने सैलावलेल्या स्नायूंतून आलेला हर्निया असतो, म्हणजे आत आतडे. त्यावर गारवा आवळायचा? ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या नसा मंदावलेल्या. गार पाण्याने अंगावर पित्त उठणारी माणसे असतात, थंडीत ज्यांची बोटे पांढरीफटक पडतात अशीही असतात. क्लिनिकमध्ये हे सगळे विचारून मगच यंत्र लावतात, आणि कितीकांना नाही म्हणून परत पाठवतात. पाकीट कुणाला परत पाठवत नाही.

मला अधिक काळजी वाटते ती आणखी एका गोष्टीची. तू पोचून पोचून पोचणार तो चिमटीत येणाऱ्या चरबीपर्यंत. आपल्या लोकांचा घात करणारी चरबी चिमटीत येतच नाही. ती आत, यकृता-आतड्यांभोवती बसते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर हयात घालवली. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडसडीत. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळे यांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू, पोट, सगळे लहान. चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. आपण जन्मतःच अशा बांध्याचे. म्हणून आपल्याकडे बाईची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची नव्वदच्या पुढे गेली की साखर, रक्तदाब तपासायला सांगतात.

आता सांग, यात तुझे काय काम? बाहेरचा थर तू गोठवलास तरी आतले जिथल्या तिथे. आणि मुलीला वाटणार की कंबरेचे काम झाले, आता रक्त कशाला तपासायचे. मला ही फसगत फोडांपेक्षा मोठी वाटते. फोड आठ-पंधरा दिवसांत दिसेनासे होतील, डाग राहील. वाढलेली साखर मात्र दिसत नाही.

मिलमधल्या पुरुषांनाही हे सांगायला हवे. त्यांना जेवायला धड वेळ नाही, सुट्टीच्या दिवशी लोचो आणि खमण, पाळी बदलली की झोपेचा पत्ता नाही. पोट सुटते ते यातून. त्यांना पट्टा नको, आठ तासांची पाळी हवी, चालायला सुरक्षित रस्ता हवा. हायवेच्या कडेने सकाळी फिरायला निघालेला माणूस धड घरी येईल याची खात्री नाही. बायकांना तर संध्याकाळी मोकळे होऊन फिरावे अशी जागाच नाही. मग माणसे फ्रीझरकडे वळली तर त्यांनाच कसा दोष द्यायचा? तुझ्यावरचा राग निम्मा इथे उतरतो.

तेव्हा आता विनंती. तू तुझी जुनी कामे कर, त्यांत तुला तोड नाही. मिलमध्ये कुणी उष्माघाताने पडला, अंग भट्टीसारखे तापले, बोलणे बरळायला लागले, तर काखेत, मानेवर, जांघेत तूच लागतोस, आणि १०८ ची गाडी येईपर्यंत तूच जीव धरून ठेवतोस. मुरगळलेल्या पायावर पंचातून दहा-पंधरा मिनिटे बस. गोळ्याच्या गाडीवर कालाखट्टा होऊन पोरांच्या हातात जा. दवाखान्यात लशी राख. पोटाला आवळून घेऊ नकोस. तुला नाही म्हणता येत नाही, हे मला कळते. म्हणून तुझ्या वतीने मीच गल्लीत सांगत फिरते: उघड्या कातडीवर बर्फ नाही, मीठ घालून तर मुळीच नाही, आइस्क्रीमच्या डब्याबरोबर येतो तो धुरकट कोरडा बर्फ तर हातातसुद्धा नाही, तो उणे अठ्ठ्याहत्तरचा असतो. लावायचाच तर कापडातून, घड्याळ लावून, आणि पट्ट्याने बांधून कधीच नाही. बधिर झाले की थांबायचे, मुंग्या आल्या की त्याआधीच थांबायचे.

आणि चुकून चौकोन उठलाच, पांढरा, कडक, तर चोळू नये. शेक नको, गॅसपाशी जाऊ नये, बधिर कातडीला भाजलेलेही कळत नाही. कोपर बुडवले तर सुखद लागेल एवढ्या कोमट पाण्यात, सदतीस ते एकोणचाळीस अंशांच्या, अर्धा तास कापड भिजवून ठेवावे, ऊब परत येताना दुखेल, दुखणे चांगले. फोड फोडू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, लाज वाटली तरी जावे. आमच्या मुलीने लाजेपायी एक रात्र घालवली.

शेजारच्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात पलसाण्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जाते आहे. फोडांची पट्टी बदलायची आहे आणि तिची साखरही तपासून घ्यायची आहे, तिच्या आईला मधुमेह आहे म्हणून. दोघींची कंबर मोजायला टेप मी माझी नेणार आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझी जुनी ओळखीची,
पलसाण्याची एक खानदेशी काकू

ता. क. जेलच्या पाकिटांना मी जुन्या सुती साडीच्या दुहेरी पिशव्या शिवल्या आहेत, नाडी घट्ट बांधून. फ्रीझरमधून कुणीही काढले तरी पिशवीसकटच निघेल. शेजारणींनी मागितल्या म्हणून आणखी शिवते आहे.